सांगितलं त्यांनी

म्हातारीनं पोरीचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “आजपासून ही तुमची, अम्मिणी.”

सकाळची वेळ होती. दारापुढं तांदळाच्या पिठाची रांगोळी घालून मी नुकतीच उठले होते, बोटं पांढरी होती. म्हातारीचं नाव पळनियम्माळ; मला ती मानानं अम्मिणी म्हणायची. आमच्या गल्लीत ती रोज पालेभाजी विकायला यायची, आणि तिची चार वर्षांची नात पूंगोडी तिच्या लुगड्याचा पदर धरून मागं मागं असायची. आज डोक्यावर भाजीची पाटी नव्हती. काखेत एक गाठोडं होतं, ते तिनं माझ्या उंबऱ्याच्या आत ठेवलं.

मला वाटलं, चार दिवस कुठं गावाला निघाली असेल. माझ्या मोडक्यातोडक्या तामिळमध्ये मी विचारलं, “किती दिवस?”

म्हातारी हसली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. “दिवस कसले विचारता? मला आता दिसत नाही. तिरुप्पूरला लेकाकडं चाललेय उद्या पहिल्या गाडीनं. सून म्हणते, तुम्ही या, पोरीला नका आणू. पण मला काळजी नाही. दुसरी कुणी असती तर पहिल्याच दिवशी झाडू घेऊन अंगावर आली असती. तुम्ही एका शब्दानं मला तारलंत. माझी सेल्वी वरनं बघत असेल.”

तिनं मला हात जोडले. आजीच्या वयाची बाई माझ्यापुढं हात जोडून उभी! शब्द बरेचसे कळले होते, पण त्यांचा मेळ लागत नव्हता. सेल्वी कोण, झाडू कशाला, मी तारलं म्हणजे काय केलं? आणि अशा वेळी सवयीनं जे तोंडात यायचं तेच आलं. मी मान हलवली आणि म्हटलं, “आमांग.” म्हणजे, होय हो.

म्हातारीनं नातीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि मागं न बघता निघून गेली. पोर गाठोड्याला मिठी मारून भिंतीशी बसली. रडली नाही. मी तिला दूधभात कालवून दिला, तो तिनं निमूट खाल्ला.

माझं नाव शालन. माझं माहेर विट्याकडचं, सासरही तिथलंच. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं, सोनारांच्या दुकानातला केर घेऊन त्याच्यातले सोन्याचे कण काढायचे, हे त्यांचं काम. माझे मालक हणमंतराव असेच मिसरूड फुटायच्या वयात तामिळनाडूत धारापुरमला गेले आणि तिथं त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. परमुलखात धंदा बसवण्याच्या नादात लग्न लांबलं, असं सोयरीक जमवताना आम्हाला सांगितलेलं. वैशाखात आमचं लग्न झालं. म्हातारी पोरीला घेऊन आली तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. म्हणजे सासरच्या गावापेक्षा त्या परक्या गावातच मी जास्त राहिले होते.

आमच्या खोल्यांची मालकीण राजामणी अक्का. ती पुढच्या सोप्यात राहायची. मनानं सोनं, पण सांगायची हौस दांडगी. नळाला पाणी आलं की रोज ओरडून सांगायची, “पाणी आलं गं!” मी नळाखाली घागर धरून उभी असले तरी सांगायची. मी आपलं आपल्याकडं म्हणतो तसं म्हणायची, “तेरियुम!” माहिताय! एक दिवस ती फुगून बसली. माझ्याशी बोलेना. संध्याकाळी ह्यांनी मला समजावलं.

“हिकडं असं तोंडावर फेकल्यागत बोलायचं न्हाई. ठावं असलं तरी समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायचं. मान हलवायची आन म्हणायचं, ‘आमांग, सोन्नांग.’”

“म्हंजी?”

“म्हंजी, व्हय, सांगितलं त्यांनी. तिचा मान राहतो, तुझाबी राहतो.”

मला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी अक्कानं पाण्याचं सांगितलं, मी पुरतं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हटलं, “आमांग, सोन्नांग.” अक्काचा चेहरा फुलला. दुपारी तिनं वाटीभर रसम पाठवलं.

त्यानंतर ते दोन शब्द म्हणजे माझी शिदोरीच झाली. गल्लीतल्या बाया येऊन बोलायच्या. त्यांचं बोलणं म्हणजे घागरीत खडे टाकून हलवावेत तसं. ‘कळलं नाही’ म्हटलं की त्या हसायच्या, तेच आणखी मोठ्यानं बोलायच्या, शेजारणीला बोलवायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यापेक्षा ‘सोन्नांग’ बरं. म्हटलं की समोरची खूश, आणि आपणही सुटलो. एकदा कुणीतरी सांगितलं, उद्या पाणी येणार नाही. मी म्हटलं सोन्नांग, आणि दुसऱ्या दिवशी कोरडी बसले. पण तेही कुणाला कळू दिलं नाही. गल्लीत बोलबाला झाला, सेट्टुची बायको हुशार, किती लवकर भाषा शिकली. आमच्याकडच्या गलाईवाल्यांना तिकडं सेट्टु म्हणत.

आता त्या दिवसाकडं येते.

दुपारी हे जेवायला आले. मी भाकरी थापत होते. पायरीवर चपला वाजल्या तशी भिंतीशी बसलेली पोर ताडकन उठली. “अप्पा!” म्हणून ओरडली आणि धावत जाऊन ह्यांच्या गुडघ्याला बिलगली.

अप्पा म्हणजे बाप. एवढं तामिळ मला पहिल्याच आठवड्यात आलं होतं.

पोरं कुणालाही अप्पा म्हणतात, असं मी मनाला सांगू बघत होते. पण माझी नजर ह्यांच्या हातावर गेली. तो हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला होता आणि केसांतून फिरून मानेपाशी थांबला होता. तो काही पहिल्यांदा फिरत नव्हता. रोजचा होता.

तव्यावर भाकरी करपली.

“आजच सोडली व्हय म्हातारीनं?” हे म्हणाले. चेहऱ्यावर हसू होतं, इतकं मोकळं हसू मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. “मला वाटलं, उद्या जाताना सोडंल. शालन, मी बोलून दाखवत न्हाई, पर तुझं उपकार...”

“ही कुणाची?”

“आँ?”

“ही पोरगी कुणाची?”

त्यांचं हसू तसंच अर्धं तोंडावर राहिलं. “आसं काय करतीस? आईनं सांगितलंय की तुला.”

“काय सांगितलंय?”

ते खाली बसले. पोर त्यांच्या मांडीवर चढली. मी थापलेली दुसरी भाकरी हातात तशीच होती, ती कुठं ठेवावी हे मला सुचेना.

“बोला की. काय सांगितलंय आत्याबाईंनी?”

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. दाराकडं तोंड करून हाक मारली, “अक्का! ओ अक्का!”

एवढी मोठी गोष्ट, आणि त्यांनी हाक मारली दुसऱ्या बाईला.

राजामणी अक्का हात पुसत आली. पोरीला बघून तिचा चेहरा उजळला. ह्यांनी तिला तामिळमध्ये भराभर काहीतरी सांगितलं. ती माझ्याकडं वळली आणि लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. “कण्णु, बाळा, मी तुला सांगितलं होतं ना? पावसाच्या तोंडी, इथंच. तू पीठ वाटत होतीस. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याची पहिली बायको होती, सेल्वी. देवळात लग्न लावलं होतं त्यांनी. पोरगी वर्षाची झाली आणि सेल्वी काविळीनं गेली. पोरगी आजीकडं आहे, ती भाजीवाली पळनियम्माळ. मी सगळं सांगितलं, आणि तू मान हलवलीस आणि म्हणालीस...”

तिथं अक्काची जीभ अडखळली. तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि पदराचा बोळा स्वतःच्या तोंडात कोंबला.

आठवलं मला. सगळं आठवलं. मी दगडी रुब्बूवर इडलीचं पीठ वाटत होते. अक्का बराच वेळ बोलत होती आणि मधेच तिनं डोळे टिपले होते. मला वाटलं, तिच्या माहेरचं कुणीतरी वारलं असावं. तिचे डोळे भरलेले बघून मीही चेहरा पाडला, दोनदा मान हलवली, वाटणारा हात क्षणभर थांबवला आणि म्हटलं, “आमांग, सोन्नांग.” होय हो, सांगितलं त्यांनी.

माझ्याच सवतीच्या मरणाची गोष्ट मी अशी ऐकली होती.

आणि एवढ्यावरच थांबलं नव्हतं. अक्कानं गल्लीला सांगितलं असणार. एकेक बाई येऊन माझ्याजवळ काहीबाही बोलायची, माझ्या पाठीवरून हात फिरवायची, आणि मी म्हणायची सोन्नांग. म्हातारी भाजीची जुडी देऊन पैसे घ्यायची नाही, पोरीला माझ्यापुढं करून काहीतरी विचारायची, आणि मी पोरीचा गालगुच्चा घेऊन म्हणायची सोन्नांग. सगळ्या गल्लीत, सगळ्यांच्या देखत मी त्या पोरीला कधीच पदरात घेतली होती. मलाच तेवढा पत्ता नव्हता.

अंगातलं रक्त कुणी काढून नेल्यासारखी मी बसले. शेवटी विचारलं, “तुम्ही का न्हाई सांगितलं?”

“आईला सांगितलं हुतं,” हे खाली मान घालून म्हणाले. “पोरगी बघाय जाशील तवा समदं सांग म्हणून. आई म्हणली, सांगितलंय, त्यास्नी चालतंय. तरीबी मला धीर हुईना. म्हणून अक्काला म्हटलं, जरा बोलून बघ. अक्का म्हणली, तिला समदं ठावं हाय, ‘सांगितलं त्यांनी’ म्हणली. मग मला वाटलं, ‘त्यांनी’ म्हंजी आईनंच.”

अक्काला वाटलं होतं, ‘त्यांनी’ म्हणजे ह्यांनी.

“सहा म्हैने,” मी म्हटलं, “सहा म्हैने एका घरात ऱ्हायलो. एका ताटात जेवलो. तुमास्नी मराठी येतं का न्हाई? एकदा तरी मराठीत इचारायचं हुतं.”

ते पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिले.

“मला घरी फोन लावून द्या.”

गल्लीच्या तोंडाशी फोनचं दुकान होतं. काचेच्या खोक्यात आम्ही दोघं उभे राहिलो, पोर बाहेर अक्काच्या कडेवर. गावातल्या किराणा दुकानात फोन लागला. आत्याबाईंना बोलावून आणेपर्यंत ठेवला, पुन्हा लावला. ह्यांनी रिसीव्हर कानाला लावला तो मी ओढून घेतला.

“आत्याबाई, मी शालन. पूंगोडी कोण?”

पलीकडं खरखर झाली. मग आवाज आला, अगदी शांत. “आली व्हय ती तिथं?”

“तुम्ही मला सांगितलं हुतं?”

“सांगितलं असतं तर तुझ्या बापानं दिली असती का तुला?” आत्याबाई म्हणाल्या. “माझं पोरगं तिकडं एकटं मरत हुतं. मला जे सुचलं ते मी केलं. पुढंमागं कळणारच हुतं की.”

मी फोन ठेवला. भांडायचं म्हणून किती शब्द जुळवले होते, पण त्या बाईला काही लपवायचंच नव्हतं. बाहेर आले, पोरीला कडेवर घेतली आणि घरी जाऊन तिचं गाठोडं उचललं.

“कुठं निघालीस?” ह्यांनी विचारलं.

“जिची तिला देऊन येते. मग माझं तिकीट काढा.”

पळनियम्माळ नदीच्या वाटेवर राहायची. कौलारू एक खोली. ती चुलीशी बसून भांडी पोत्यात भरत होती, हातानं चाचपून चाचपून. इतके दिवस मी तिला बघत होते, पण तिला खरंच दिसत नाही हे मला त्या दिवशी दिसलं. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिनं विचारलं, “कोण?”

“मी, सेट्टुची बायको.” वाटेत मी एकच वाक्य घोकत आले होते. ते बोलले. “मला माहीत नव्हतं. आज कळलं.”

तिच्या हातातलं भांडं खाली गेलं. “अक्कानं सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं. मला तुमची भाषा येत नव्हती.”

पोर माझ्या कडेवरून उतरून “अम्मिच्ची!” म्हणत तिच्या कुशीत शिरली. तिकडं आईच्या आईला अम्मिच्ची म्हणतात. मी मनाची तयारी करून उभी होते. आता ही रडेल, पाया पडेल, पोरीला पदरात घाल म्हणेल. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. पोत्यात हात घालून भरलेली भांडी एकेक करून पुन्हा बाहेर काढायला लागली.

“तू माहेरी जा,” ती म्हणाली. अम्मिणीवरून ती एकदम लेकीला बोलल्यासारखी ‘तू’वर आली होती. “चूक आमची झाली. आम्ही सगळ्यांनी विचारलं, पण तुला कळतंय का हे कुणी बघितलं नाही. मी तिरुप्पूरला जात नाही. जमेल तेवढे दिवस पोरीला मी बघीन. सेल्वी असती तर तिलाही मी हेच सांगितलं असतं.”

पितळेची तपेली चुलीजवळ ठेवून ती थांबली आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून तिनं विचारलं, “तुला काय हवंय?”

लग्न ठरल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बापानं नाही, आत्याबाईंनी नाही, ह्यांनी तर नाहीच. विचारला तो या भाजीवालीनं, जिचं सगळं माझ्या उत्तरावर लटकलेलं होतं.

“त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला,” मी म्हटलं. “त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.”

म्हातारी उठली. पदर खोचला. “चल.”

माझा दंड धरून ती सोनारांच्या गल्लीत आली. पोर माझ्या कडेवर. ऊन उतरलं होतं, आसारी, म्हणजे तिकडचे सोनार, आपापल्या दुकानात ठोकठोक करत बसले होते. आमच्या दुकानाची भट्टी विझलेली होती आणि हे तिच्यापुढं नुसतेच बसले होते. म्हातारी पायरीशी थांबली आणि तिनं असा आवाज लावला की ठोकठोक बंद पडली.

“सेट्टु! माझ्या सेल्वीला तू लग्न झाल्यावर सांगितलंस, की घरी काही कळवलं नाही म्हणून. डोळे पिवळे झाले तरी ती विचारत होती, तुमच्या गावाकडनं कुणी आलं का? आणि या पोरीला तर तू तेवढंही सांगितलं नाहीस. तुझ्या तोंडात जीभ आहे ना? सोनं वितळवतोस, आणि दोन शब्द तुला बाहेर काढता येत नाहीत?”

मी आजवर ह्यांच्यावर कुणी आवाज चढवलेला ऐकला नव्हता. गल्लीत तर सेट्टु म्हणजे मानाचा माणूस. आसारी उठून बाहेर आले. राजामणी अक्का धापा टाकत मागून पोचली. सगळ्यांच्या नजरा ह्यांच्यावर.

हे पायऱ्या उतरून आले आणि माझ्यापुढं रस्त्यावर, धुळीत, मांडी घालून बसले. आणि मराठीत बोलायला लागले.

सेल्वी याच गल्लीत एका आसारीकडं झाडलोट करायला यायची, तिथं भेटली. तिची भाषा ह्यांना तिनं शिकवली. लग्न केलं ते कुणालाही न सांगता, कारण आत्याबाईंनी जीव दिला असता. रोज म्हणायचे, या दिवाळीला सांगतो, या पाडव्याला सांगतो. ती आजारी पडली तेव्हाही सांगितलं नाही. तिला जाळून आले तेव्हा गावाकडनं भावाच्या पोराच्या बारशाच्या का कशाच्या निरोपाचा फोन आला होता, तर त्यावरही ‘मी बरा हाय’ म्हणाले. आत्याबाईंना सांगितलं ते थेट दुसऱ्या लग्नाची बोलणी निघाली तेव्हा. “मला भ्या वाटतं, शालन. आधी आईचं वाटायचं. मग तुझं. तू सोडून जाशील म्हणून न्हाई सांगितलं. कुणीतरी सांगंल, आन सांगून झाल्यावर मी घरात यीन, असंच मी सदा करत आलो.”

ते बरंच बोलले. सेल्वीचं तोंड कसं होतं तेही सांगितलं. मधे रडले. सगळी गल्ली श्वास रोखून ऐकत होती आणि त्यातला एक शब्दही कुणाला कळत नव्हता. कळत होतं फक्त मला. इतके दिवस माझं जे झालं होतं ते आज त्या सगळ्यांचं झालं होतं. आसारी माना हलवत होते, बाया डोळे टिपत होत्या.

मी मान हलवली नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

ते थांबल्यावर राजामणी अक्कानं माझ्या कानाशी लागून विचारलं, “काय म्हणाला?” मी तिला उत्तर दिलं नाही. जे माझं होतं ते पहिल्यांदाच फक्त माझं होतं.

पळनियम्माळकडं वळून मी म्हटलं, “तुम्ही उद्याच्या गाडीनं तिरुप्पूरला जा. पूंगोडी माझ्याकडं राहील. आधी मी हो म्हटलं नव्हतं. आत्ता म्हणतेय.”

तिनं माझा चेहरा चाचपला. गाल, कपाळ, डोळे. बघून घ्यावं तसा.

मग मी ह्यांना मराठीत सांगितलं, “तुम्ही मात्र हितंच झोपायचं. जेवणाचा डबा मिळंल. घरात पाऊल टाकायचं न्हाई.”

ते आसाऱ्यांना कळायला भाषा लागली नाही. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर अंथरूण दिसलं तेव्हा सगळ्यांना कळलं.

पुढचं तुम्हाला सांगायचं तर पुष्कळ आहे. माझा भाऊ न्यायला आला आणि पूंगोडीला खेळवून एकटाच परत गेला. आत्याबाई नंतर कितीदा येऊन राहिल्या, नातीच्या वेण्या घातल्या, पण ‘चुकलं’ हा शब्द त्यांच्या तोंडून मरेपर्यंत निघाला नाही. आज पूंगोडीची स्वतःची दोन पोरं आहेत. ती माझ्याशी विट्याच्या हेलातली मराठी बोलते आणि नवऱ्याशी भांडताना तामिळ.

पण हे घरात कधी आले ते राहिलं.

पोंगल होऊन गेल्यावरची गोष्ट. एका दुपारी हे दारात येऊन उभे राहिले. उंबऱ्याबाहेरच. डब्याची वेळ नव्हती. तोंड पांढरंफटक पडलेलं.

“शालन, माझ्या हातनं घाण झालीया,” म्हणाले. “मारप्पा आसारीनं त्याच्या आईची ताली उजळाय दिली हुती. लग्नातली. ती मी दुसऱ्या मालाबरोबर मुशीत टाकली. वितळली. अजून कुणाला ठावं न्हाई. त्यालाबी न्हाई. आधी तुला सांगाय आलो.”

ताली म्हणजे तिकडचं मंगळसूत्र. सोनं पुन्हा घडवता येतं, पण त्या म्हातारीच्या गळ्यात लग्नात बांधलेलं ते आता परत येणार नव्हतं. आसारी काय म्हणेल, गल्ली काय म्हणेल, धंदा राहील की जाईल, काहीच सांगता येत नव्हतं. पण ह्या वेळी ह्या माणसानं अक्काला हाक मारली नव्हती.

मी पायांत चपला घातल्या. “चला. दोघं जाऊ सांगाय.”

मारप्पा आसारीनं आम्हाला नाही नाही ते ऐकवलं. त्याची आई आतून बाहेर आली. तिनं ऐकून घेतलं, रिकाम्या गळ्यावरून हात फिरवला आणि काही न बोलता आत निघून गेली. ते आसारीच्या शिव्यांपेक्षा जड होतं. हे तिच्या दाराशी अंधार पडेपर्यंत बसून राहिले. उठून पळाले नाहीत. मी सोबतीला बसले.

घरी आल्यावर मी पूंगोडीला म्हटलं, “जा गं, तुझ्या अप्पांसंगं जाऊन दुकानातलं अंथरूण घेऊन ये.”